पार्वताबाईंचा उघड्या डोळ्यांचा फोटो

“वच्छीले तं पोलिसानं धरून आनल्यावानी लावून ठेवलं होतं भिताडाले.”

हे पार्वताबाई कोणाला म्हणाल्या नाहीत. हिवरखेडहून अमरावतीला परतताना, गाडीच्या मागच्या सीटवर, खिडकीच्या काचेला त्या हे पुटपुटल्या. पण त्यांच्या आणि सुनेच्या मध्ये फक्त केळीचा एक घड होता, आणि घडातून आवाज जातो. सीमाने ऐकलं.

“काय म्हनलं आई?”

“काही नाही. केळं खातं का?”

वच्छलाबाई म्हणजे पार्वताबाईंची थोरली जाऊ. त्या दिवशी त्यांची तेरवी होती. बाईंनी आयुष्यभर घरादाराचं केलं, पण स्वतःचा धड फोटो काही काढून ठेवला नाही. ऐनवेळी पोरांनी आधार कार्डावरचाच मोठा करून घेतला. आता आधार कार्डावर कोणाचाही चेहरा नुकताच गुन्हा कबूल केल्यासारखा दिसतो. तो चांगला दोन फूट उंच करून त्याला झेंडूचा हार घातला, की समोर जेवायला बसलेल्या माणसाला जिलबी गिळवत नाही. पार्वताबाईंनी त्या दिवशी जिलबी घेतली नव्हती. सीमाला वाटलं होतं, दुःखामुळे.

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता पार्वताबाई लेकाला म्हणाल्या, “श्याम, माहा एक चांगला फोटो काढून ठेव बावा.”

“कायले?”

“असाच. असावा घरात.”

श्यामने पंख्याकडे पाहिलं. सीमाने दुधावरची साय मन लावून बाजूला केली. फोटो कशासाठी हवा, हे तिघांनाही कळलं होतं आणि तिघांपैकी कोणीही ते म्हणणार नव्हतं. वऱ्हाडी माणूस तोंडावर बोलायला भीत नाही. ‘तुहा आवाज फाटका हाय, गानं बंद कर’ हे तो लग्नाच्या मांडवात म्हणतो. पार्वताबाईंनी तर सव्वीस वर्षांत सीमाच्या वरणापासून तिच्या माहेरापर्यंत सगळ्यावर स्वच्छ मत दिलं होतं. पण ह्या एका विषयापाशी आलं, की सगळे पंख्याकडे पाहतात.

शिवाय दुसरीही एक अडचण होती. पार्वताबाईंचे डोळे.

फोटो काढताना त्यांचे डोळे मिटतात. कधी कधी नाही, नेहमी. लग्नाच्या फोटोत नवरदेव नत्थुजी असे बघतायत, जणू समोरच्याकडे बैलजोडी मागायची आहे. आणि शेजारी पार्वताबाई, डोळे मिटून. श्यामच्या बारशात, श्यामच्या लग्नात, नातीच्या बारशात, तेच. आधार केंद्रात तर डोळ्यांचाच फोटो घेतात. तिथे श्यामने वरची पापणी धरली, सीमाने खालची, आणि केंद्रातल्या माणसाने मान दुसरीकडे वळवून बटण दाबलं. एखाद्या बाईने सत्तर वर्षं जग टक्क उघड्या डोळ्यांनी पाहिलं, शेजारणीच्या पिशवीतली कोथिंबीर जुडी किती शिळी आहे ते दारातून ओळखलं, आणि पुरावा म्हणून मागे काय, तर मिटलेल्या पापण्या.

तरी श्यामने रविवारी आईला स्टुडिओत नेलं. सीमाही गेली. फोटोवाल्याने साधा प्रश्न विचारला, “कशासाठी पाहिजे?”

श्याम नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. यंत्र बंद पडलं तर तो चार माणसांवर ओरडू शकतो. पण ह्या प्रश्नाला त्याच्या तोंडून निघून गेलं, “पासपोर्ट.”

बस. तिथून सगळं सुरू झालं.

“मग पदर डोक्यावरून खाली घ्या आजी. कान दिसले पाहिजेत. हसायचं नाही.”

“कानाचं काय काम हाय? मी काय बाजारातली गाय हाओ? दात बी पाहून घे मंग.”

फोटोवाल्याने एकदा सांगून फोटो काढला, एकदा न सांगता. एकदा ‘तिकडं पाहा, माकड’ म्हणाला. पार्वताबाईंच्या पापण्यांना फ्लॅशची बातमी फ्लॅशच्या आधी लागते, त्याला तो बिचारा काय करणार? शेवटी घाम पुसत म्हणाला, “राहू द्या. मी कॉम्प्युटरवर सेट करतो.”

दोन दिवसांनी त्याने सेट केलेला फोटो आला. चेहरा पार्वताबाईंचा. डोळे मात्र मोठे, काळेभोर, काजळ घातलेले, आणि कोणाची तरी वाट पाहणारे. पार्वताबाईंनी फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला.

“हे कोन बाई माह्या तोंडात येऊन बसली वं?”

फोटो गेला कपाटात. पण पासपोर्टची बातमी बाहेर राहिली. स्टुडिओला लागून असलेलं झेरॉक्सचं दुकान समोरच्या बेबीताईंच्या भाच्याचं. संध्याकाळी बेबीताई चप्पल न काढताच आत आल्या.

“सीमा, सासूले फॉरेनले पाठवून राह्यली अन् मले दुसऱ्यापासून समजते?”

आता सीमाची पंचाईत पाहा. नाही म्हणावं, तर मग फोटो कशासाठी, हे सांगावं लागतं. एका शाळेत बावीस वर्षं शिक्षिका असलेली बाई, रोज मुलांना खरं बोलायला सांगणारी, ती म्हणाली, “अजून नक्की नाही.”

“दुबईच ना? माह्या नणंदेचा पोरगा तिकडंच हाय. विमानात कानात कापूस घालजो म्हना त्यायले. अन् वरतं गेल्यावर खाली नाही पाहाचं.”

आठ दिवसांत बेबीताईंच्या भिशीतल्या बायकांनी पार्वताबाईंचा निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, उडदाचे पापड, प्रवासात खायला शेव. बेबीताईंनी छोटंसं भाषण केलं. “पार्वताबाई जिथं चालल्या तिथं सुखात राहो. तिथं गेल्यावर आपल्या लोकायले विसरू नये.” दोन बायकांनी डोळे पुसले. पार्वताबाईंनी शाल खांद्यावर घेतली, नारळ मांडीवर, आणि सुनेच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, “सीमे, मी कुठं चालली वं?”

“कुठी नाही आई,” सीमा म्हणाली, आणि तिच्या घशात शेव अडकली.

ग्रुप फोटोही निघाला. सगळ्या हसताहेत. मधोमध शालीत पार्वताबाई, डोळे मिटून. त्या फोटोकडे पाहून निरोप समारंभ जरा जास्तच खरा वाटत होता.

दिवाळीला आकांक्षा आली. ही सीमाची लेक, पुण्यात नोकरीला. तिला तिथे एक नवीन वेड लागलं होतं, फ्रीडायव्हिंगचं. म्हणजे पाठीवर सिलिंडर नाही, तोंडात नळी नाही. एक श्वास भरून घ्यायचा, त्याच श्वासावर पाण्याखाली जायचं आणि तो संपायच्या आत वर यायचं. सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर समुद्रावर जाते, आणि एकीने खाली जाऊन ऐटीत उभं राहायचं, दुसरीने फोटो काढायचा, असा त्यांचा उद्योग. ते फोटो ती मोबाइलवर आजीला दाखवत होती. निळं पाणी, मोकळे केस, वाऱ्यावर उडल्यासारखे झगे.

“ह्या पोट्ट्या काय करून राह्यल्या?”

“पोज देऊन राह्यल्या आजी. श्वास रोखून. कठीण असते ते.”

पार्वताबाईंनी चकलीचा तुकडा मोडला. “याचे पैसे देऊन शिकते तू? आमी हिवरखेडले विहिरीत दिवसभर हेच करो. चवन्नी फेकाची अन् बुडी मारून काढाची. वच्छी अन् मी. ते वर येऊन दम खाये तवरीक मी दोन खेपा करो.”

“पाण्यात डोळे उघडे ठेवून?”

“डोळे मिटून चवन्नी दिसते काय वं?”

स्वयंपाकघरात सीमाचा हात परातीत थांबला. आकांक्षाने मोबाइल खाली ठेवला. लग्न, बारसं, आधार, स्टुडिओ, सगळीकडे मिटणारे डोळे एका ठिकाणी मात्र उघडे असतात, आणि त्या ठिकाणी आजवर कोणी कॅमेरा नेला नव्हता.

आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तपासलं, छातीचा आलेख काढला, आणि पार्वताबाईंचा रक्तदाब श्यामपेक्षा चांगला निघाला. त्यावरून घरात बोलणी खाल्ली ती श्यामने. डॉक्टर म्हणाले, “उथळ पाण्यात, थोडा वेळ, सोबत कोणी तरी हवं. पण ह्या वयात हे कशासाठी?” श्यामने तोंड उघडलं. सीमाने त्याचा पाय दाबला. आणखी एक देश गळ्यात पडायला नको होता.

सुरुवात शहरातल्या तलावापासून केली, म्हणजे पोहण्याच्या. तिथले मॅनेजर उत्तमराव नियमाचे पक्के. साठीच्या पुढच्या व्यक्तीला पालकाची संमती लागते, असं त्यांच्याकडे छापलेलं होतं. पार्वताबाईंचा पालक कोण? सीमाने सही केली. सही करताना तिला उगाच जरा बरं वाटलं.

“आणि लुगड्यात पोहता येत नाही. पोशाख पाहिजे.”

“कसा पोशाख?”

उत्तमरावांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. पार्वताबाईंनी चित्र पाहिलं, मग उत्तमरावांकडे पाहिलं. “तुह्या मायले घालतं काय हे?”

उत्तमरावांनी लुगड्याला परवानगी दिली.

पाण्यात उतरल्यावर लुगड्यात हवा भरली आणि पार्वताबाई तंबूसारख्या मधोमध उभ्या राहिल्या. बाकीची मंडळी आपापली पोरं घेऊन काठाला गेली. मग लुगडं भिजलं, बाईंनी डोकं आत घातलं आणि त्या खाली गेल्या. खालीच राहिल्या. आकांक्षा कॅमेरा घेऊन समोर होती, तिला काळजी नव्हती. पण उत्तमरावांनी वरून नुसतं स्थिर लुगडं पाहिलं. त्यांनी शिट्टी वाजवली. पाण्याखाली शिट्टी ऐकू येत नाही. मग त्यांनी बूट, घड्याळ आणि शिट्टीसकट उडी मारली, पार्वताबाईंना कमरेला धरलं आणि वर आणलं. वर आल्या आल्या बाईंनी त्यांच्या कानाखाली एक ठेवून दिली.

“मेल्या, बाईमानसाच्या आंगाले हात लावतं?”

“तुम्हाला वाचवून राहिलो मी!”

“कोनापासून?”

त्या दिवशी एकच फोटो निघाला, उत्तमरावांच्या बुटाचा. पुन्हा येऊ नका, असं त्यांनी थरथरत सांगितलं. पार्वताबाई रिक्षात लुगडं पिळत म्हणाल्या, “पानी होतं थे? निरा फिनाइल. चाला हिवरखेडले.”

देवीदास म्हणजे वच्छलाबाईंचा थोरला लेक. त्याच्या वावरातली विहीर चांगली ऐसपैस, आत दगडी पायऱ्या, पाणी नितळ आणि कार्तिकात कोमट. ज्या विहिरीत दोघी जावा पोहल्या, तीच. हे सीमाला काठावर उभं राहिल्यावर कळलं, कारण पार्वताबाई पहिल्या पायरीवर थांबल्या आणि पलीकडच्या पायरीकडे थोडा वेळ बघत राहिल्या. तिथे कोणीच नव्हतं.

खरं तर काठावर तेवढी एकच जागा रिकामी होती. बाकी अर्धं गाव आलं होतं. अमरावतीची म्हातारी विहिरीत उतरून फोटो काढते म्हटल्यावर कापूस वेचणाऱ्या बाया ओटी तशीच बांधून आल्या. सल्ल्याला तोटा नव्हता. एकाने सांगितलं, आधी पाण्याला नारळ द्या. दुसरा म्हणाला, नारळ कॅमेऱ्यावर पडेल. जानराव नावाच्या एका वृद्ध गृहस्थांनी, ‘मले बी पोहता येते, पन आज सर्दी हाय,’ हे सगळ्यांना वेगवेगळं सांगितलं. देवीदास ट्यूब कमरेला अडकवून पाण्यात उतरला. कोणीही एकटं खाली जायचं नाही, दोन बुड्यांमध्ये नीट विसावा घ्यायचा, असा आकांक्षाचा कडक नियम होता. सीमाला काहीच काम नव्हतं. ती नळाच्या गावची पोरगी, बादलीतल्या पाण्यालाही जपून हात लावणारी. तिने कठड्याचा दगड धरून ठेवला.

पार्वताबाईंनी जांभळ्या लुगड्याचा काष्टा मारला. पायरीवर बसून त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या, कोणाकडे न बघता. मग पाण्यात शिरल्या. उडी नाही, धडपड नाही. उंबरा ओलांडून आपल्या खोलीत जावं तशा.

घरातल्या पार्वताबाईंना पलंगावरून उठायला खांदा लागतो. गुडघे त्यांच्याआधी बोलतात. पाण्याचा पेला मागायला त्या तीन खोल्यांपलीकडून हाक मारतात. सीमाला ह्याच पार्वताबाई ठाऊक होत्या. पाण्याखाली जी बाई दिसत होती, तिला गुडघे नव्हतेच जणू. उन्हाचा एक तिरपा पट्टा विहिरीत उतरला होता. त्यात ती हात पसरून थांबली होती, आणि लुगड्याचा पदर तिच्याभोवती वांग्याच्या फुलासारखा उमलला होता. केस सुटून पांढरा धूर होऊन वर तरंगत होते. ती घाईत नव्हती. तिला कोणाचा राग आलेला नव्हता. ती अशीही असू शकते, हे सव्वीस वर्षांत सीमाला कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगणार तरी कोण? ज्यांना ठाऊक होतं त्या वच्छलाबाई तर भिंतीवर गेल्या होत्या.

सासूबाई खाली गेल्या तेव्हा सीमाने आपलाही श्वास रोखला. काहीतरी करायला हवं म्हणून. तिचा श्वास सुटला. पुन्हा रोखला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे काजवे आले आणि कापूसवाल्या बाईने तिला दंडाला धरलं, तरी पाण्यावर कोणी आलं नव्हतं.

मग पार्वताबाई वर आल्या. नाकातून पाणी काढलं. “जमलं का वं पोरी?”

“आजी, डोळे उघडे आहेत! पण चेहरा एकदम गंभीर आलाय. थोडं हसा ना.”

“उगीच कसी हासू? येडी हाओ काय?”

हे ऐकायला श्याम कठड्यावरून वाकला, आणि त्याचा चष्मा नाकावरून निसटून सरळ विहिरीत गेला. चारशे माणसं असल्यासारखा एकच गलका झाला. देवीदास म्हणाला, गाळ असन, नाही सापडत. जानरावांना पुन्हा सर्दी आठवली. श्याम आंधळ्यासारखा हात पुढे करून उभा राहिला, सुपरवायझरपण कुठल्या कुठे.

“लहानपनापासून असाच हाय हा पोट्टा,” पार्वताबाई म्हणाल्या. आकांक्षाने दम धरायला लावला तेवढा त्यांनी नाइलाजाने धरला आणि त्या पुन्हा खाली गेल्या. ह्या वेळी फोटोसाठी नाही. पाण्याखालच्या कपारींत हात फिरवत, टक्क डोळे उघडून शोधत. आणि आकांक्षा त्यांच्यामागे.

तो फोटो असा आहे. हिरवं पाणी, जांभळं लुगडं. एका हातात श्यामचा चष्मा, जिंकलेल्या माणसाने धरावा तसा वर धरलेला. नाकातून बुडबुड्यांची माळ निघालीय, गाल फुगलेत आणि बंद ओठांत हसू मावत नाहीये. आणि डोळे! पार्वताबाई सरळ तुमच्याकडे पाहताहेत. तुम्ही खोलीत कुठेही जा, त्या बघताहेत, आणि तुमच्या पिशवीतली कोथिंबीर त्यांना दिसतेय.

घरी सगळ्यांनी तो फोटो पाळीपाळीने पाहिला. श्याम म्हणाला, छान आला. आकांक्षा पुण्याला जाण्याआधी मोठी प्रत काढून देऊन गेली. पार्वताबाई त्याकडे बघून म्हणाल्या, “हे मी हाओ. हे चालते.” आणि फ्रेम अकोल्याहूनच करायची असं ठरवलं, कारण नत्थुजींची तिथूनच केली होती आणि तिला अजून वाळवी लागली नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडच्या एका बोळात पुंजारामचं दुकान आहे. रविवारी तिघं तिथे गेली. पार्वताबाईंना स्टुलावर बसवलं. पुंजारामने गुंडाळी उलगडली, चारी कोपऱ्यांवर खिळ्यांचे डबे ठेवले आणि बराच वेळ फोटोकडे पाहिलं. मग स्टुलावर बसलेल्या बाईंकडे. मग पुन्हा फोटोकडे.

“झकास हाय,” तो म्हणाला. “हाराले वरतं हूक देऊ काय?”

प्रश्न त्याच्या धंद्यातला होता. तो रोज विचारत असेल. श्यामने पंखा शोधला. दुकानात पंखा नव्हता. तो म्हणाला, “लाकूड कोनतं वापरता तुमी?”

“सागवान. हूक देऊ?”

“अन् काच? काच चांगली हाय ना?”

“काच एक नंबर. हुकाचं सांगा ना भाऊ.”

पार्वताबाईंनी लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. त्या कोणाकडेच बघत नव्हत्या. जगातल्या कशालाही न भिणारी ती बाई मान खाली घालून उत्तराची वाट पाहत होती, आणि हे दिसल्यावर सीमाला राहवेना.

“हूक नका देऊ,” ती म्हणाली.

“कावून?” पुंजाराम म्हणाला. “मंग लागते नं बाई. सगळ्यायलेच लागते.”

“आमी हा आत्ता लावनार हावो. बैठकीत, दारासमोर. यायच्यासमोर.” सीमाने स्टुलाकडे पाहिलं. आता थांबता येत नव्हतं. “काढला तवा तुमी मेल्यावर लावाले म्हनूनच काढला होता आई, आपल्याले सगळ्यायले ठाऊक हाय. पन तुमी मेल्यावर हा फोटो माह्यानं नाही पाहावनार.”